ओसरीतलं घोंगडं

लोणखेडा, ११ मे २०२५

आत्याबाई,

पत्र रिकाम्या डब्याच्या तळाशी ठेवलंय. दर रविवारी डबा आणणारा-नेणारा तुमचा मुलगा वाटेत तो उघडून बघणाऱ्यातला नाही आणि कोरीटच्या घरात डबे तुमच्याशिवाय कोणी घासत नाही, म्हणून हा कागद तुमच्याच हाती लागेल. माझा फोन तुम्ही उचलत नाही. अक्षर मोठं काढलंय. चष्मा शोधायला आबांना हाक मारू नका, त्यांनी हे वाचायचं नाही.

काजल बरी आहे. बारावीचे क्लास सुरू झाले, सकाळी जाते ती दुपारी सुकून येते. तुम्ही पाठवलेल्या कळण्याच्या भाकरी तिने खाल्ल्या. डबा तिच्यासाठी असतो हे मला ठाऊक आहे, तरी ठेचा थोडा मीही चाखला. मीठ नेहमीसारखं जास्त होतं.

आता कामाचं. बुधवारी तुमच्या शेजारची दगूबाई शहाद्याच्या बाजारात भेटली. मिरच्या निवडता निवडता मला म्हणाली, "तुन्ही सासू परत बाजूले बठाले लागनी, तुले म्हाईत शे का?" मी म्हटलं, बाजूला म्हणजे? तर म्हणे अधूनमधून दोन-चार दिवस ओसरीत घोंगडं टाकतात, तेव्हा ताट-तांब्या वेगळा, चुलीपाशी फिरकत नाहीत, स्वयंपाक आबा करतात. विचारलं तर म्हणतात गुडघे दुखतात. आबांना खरं वाटलं, तुमच्या मुलाला खरं वाटलं. दोघं पुरुष आहेत, त्यांना काय कळणार.

मला कळलं. मी त्या ओसरीत सतरा वर्षं दर महिन्याला बसले आहे. गुडघ्यांसाठी कोणी ताट वेगळं करत नाही.

तुमची पाळी मी काजलच्या वेळी पोटुशी होते तेव्हापासूनच मागेपुढे होत होती आणि ती जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. ती परत येत नसते, आत्याबाई. देवीची कृपा वगैरे काही नाही. या वयात अंगावरून जायला लागलं की दाखवायचं असतं, घोंगडं टाकायचं नसतं.

तुम्ही म्हणाल, मन्हं तर निगेटिव्ह शे. शाळेतल्या शिबिराचं ते कार्ड देवघराच्या खिळ्याला अजून टांगलेलं असेल. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन. आज फार दमलेय. आधी दाखवून या.

निशा

*

लोणखेडा, २५ मे २०२५

आत्याबाई,

पत्र पोचलं म्हणायचं. गेल्या रविवारच्या डब्यात माझंच पत्र परत आलं, ठेच्याखाली अंथरून. तेलातून माझीच अक्षरं माझ्याकडे बघत होती. काजल म्हणाली, आजी आता रद्दी वापरायला लागली का. मी म्हटलं, हो.

बरं. मग कार्डाबद्दल आजच लिहिते.

मागच्या वर्षी बायकांच्या कॅन्सर तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा आपण दोघी गेलो. सरकारी दवाखान्याची आशाताई सुनिता घरी बोलवायला आली होती, तुम्ही जायलाच तयार नव्हता, मीच हाताला धरून नेलं. नर्सबाईंनी काय केलं ते तुम्हालाही आठवत असेल. गर्भपिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पाणी लावलं आणि दिवा धरून बघितलं. माझं पांढरं आलं, तुमचं नाही आलं. एवढ्यावरून तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, "मन्हं निगेटिव्ह शे, सूनबाईनंच पांढरं उनं." जणू तो परीक्षेचा निकाल होता आणि मी नापास झाले होते.

मग माझं ताट कायमचं वेगळं झालं. नंदुरबारला तपासायला माझा तुकडा काढला तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत मी तुमच्या घरात पाहुण्यासारखी राहिले. पाहुण्याला निदान चहा विचारतात. रिपोर्ट आला, साधी सूज आहे, औषधाने बरी होईल. मी तो तुमच्यासमोर वाचून दाखवला. तुम्ही काय म्हणालात ते मी विसरणार नाही. म्हणालात, कागदावर कोणी काहीही लिहितं, दिव्यासमोर पांढरं दिसलं ना? सहा महिन्यांनी दुसरी तपासणी केली, तीही चांगली आली, तर दगूबाईपाशी म्हणालात, एवढ्या वेळा बघावं लागतं म्हणजे काहीतरी असणारच.

आत्याबाई, ती पांढरी खूण म्हणजे आजार नसतो. सूज असली तरी पांढरं येतं, जंतू असले तरी येतं. ती खूण फक्त सांगते, इथे नीट बघा. माझं नीट बघितलं, काही निघालं नाही. संपलं.

आणि तुमचं पांढरं आलं नाही, याचाही अर्थ तुम्ही समजता तो नाही. मी काल इथल्या कॉलेजच्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरबाईंना विचारलं, नाव न सांगता. त्या म्हणाल्या, पाळी गेल्यावर बाईच्या पिशवीच्या तोंडाची जी जागा बघायची असते ती आत सरकते. दिव्याला दिसतच नाही. जे दिसलं नाही त्याला चांगलं कसं म्हणायचं? नर्सबाईंनी तेव्हा तुम्हाला सांगितलंही असेल की तुमचं वय झालंय, तुम्ही मोठ्या डॉक्टरांकडे दाखवा. मी आत नव्हते. तुम्ही बाहेर आलात ते कार्ड हलवतच आलात.

म्हणजे बघा, एकच पाणी, एकच दिवा. मला नसलेलं दाखवलं आणि तुमचं असलेलं लपवलं असेल. असेल म्हणतेय. अजून कोणाला माहीत नाही.

पुढच्या रविवारपर्यंत वाट बघते. तुम्ही दाखवायला गेला नाहीत तर काजलच्या पप्पांना सांगणार. ते आबांना सांगतील, आबा चौकात. मग तुमचं तुम्ही निस्तरा.

एक खरं सांगू? दगूबाईने ते सांगितलं तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. आता बसा म्हणावं तिथेच. मग मिरच्या तशाच टाकून घरी आले आणि रात्रीचा स्वयंपाक करवला नाही. तुम्हाला माफ केलं म्हणून लिहितेय असं समजू नका.

निशा

*

लोणखेडा, १५ जून २०२५

आत्याबाई,

एक तारखेच्या डब्यात तुमची चिठ्ठी मिळाली, "कोनले सांगू नको." तेवढीच. मी कोणाला सांगितलं नाही.

आणि आजच्या डब्यात लाडू. काजलच्या डब्याशेजारी दुसरा छोटा डबा, त्यातही लाडू. तो माझ्यासाठी असणार, कारण काजलच्या पप्पांना विचारलं तर ते नुसते हसले आणि म्हणाले, मायने दिला. दगूबाईबरोबर नंदुरबारला जाऊन आलात, बाई डॉक्टरने तुकडा काढला, तपासला, काही निघालं नाही, हे मला दगूबाईकडूनच कळलं. तुम्हीच तिला सांगायला सांगितलं असेल. "आते त्या निशाले म्हना, गप बठ."

मी लाडू खाल्ला, आत्याबाई. सव्वा वर्षाने तुमच्या हातचा लाडू मला मिळाला. तो खाता खाता वाटलं, गप्पच बसावं. लिहायला गेलं की तुमची आठवण येते, तुमची आली की तुमच्या बोलण्याची येते. मला या सगळ्याचा कंटाळा आलाय. दवाखाना, रिपोर्ट, पांढरं, लाल, नॉर्मल. माझ्याही वेळी कोणी म्हणालं असतं, आता पुरे, पुन्हा बघू नका, तर मी त्याच्या पाया पडले असते.

पण मी दगूबाईला एक गोष्ट विचारली. अंगावरून जाणं थांबलं का? ती म्हणाली, घोंगडं तर अजून ओसरीतच शे.

थांबलेलं नाही. मग तो तुकडा चांगला आला याचा काय उपयोग?

तुम्ही आयुष्यभर कापूस वेचलात. बोंड बाहेरून हिरवंगार असतं, आणि फोडलं की आत गुलाबी अळी. तुम्हीच मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं की शेत कडेकडेने बघून चालत नाही, आत शिरावं लागतं, जिथे शंका येते तिथलं बोंड फोडावं लागतं. बाई डॉक्टरने तांदळाएवढा तुकडा काढला. कुठून काढला? जेवढं समोर दिसलं तिथून. जी जागा आत सरकलेली आहे ती त्यांना दिसलीच नाही. कडेचं बोंड चांगलं निघालं म्हणून तुम्ही शेत चांगलं म्हणाला असतात का? आबांनी म्हटलं असतं तर तुम्ही त्यांना बांधावरून हाकललं असतं.

त्या डॉक्टरबाई इथे शनिवारी येतात. त्यांना मी पुन्हा विचारलं. या वेळी सांगून टाकलं की माझी सासू आहे. त्या म्हणाल्या, तुकडा चांगला आला आणि रक्त चालूच असलं तर रक्तावर विश्वास ठेवायचा, कागदावर नाही. आतून खरवडून तपासायला हवं. धुळ्याला होतं.

तुम्ही माझा चांगला कागद मानला नाही. तेव्हा तुम्ही चुकलात, कारण मला काहीच त्रास नव्हता आणि दोन तपासण्या एकच सांगत होत्या. आता तुमचा चांगला कागद मी मानत नाही. माझं बरोबर आहे की नाही ते धुळ्याला कळेल. मी चुकावं अशी माझी इच्छा आहे, हे मात्र खरं लिहितेय.

काजलच्या पप्पांना मी आज सांगितलं. तुम्हाला राग येईल. येऊ द्या. त्यांनी गाडी काढायचं कबूल केलंय, आणि ते बाहेरच थांबतील. आत मी येईन.

लाडू छान झाले होते. वेलची जास्त.

निशा

*

लोणखेडा, ६ जुलै २०२५

आत्याबाई,

धुळ्याहून आल्यापासून तुमचा काही निरोप नाही. आज डबाही आला नाही. काजलच्या पप्पांनी बाहेरून फाफडा आणला. काजल म्हणाली, आजीला ताप आहे का? मी म्हटलं, दमली असेल.

दवाखान्याच्या बाकावर आपण शेजारी बसलो होतो. मधे तुम्ही पिशवी ठेवलीत. ती पिशवी मांडीवर घेतली असतीत तर तिथे अजून एका बाईला बसता आलं असतं, ती बिचारी उभी होती. नाव पुकारलं तेव्हा तुम्ही उठलात आणि परत बसलात. "माले काही करनं नही, घर चाल." वर्षभरात माझ्याशी थेट बोललेलं हे तुमचं पहिलं वाक्य. मग मी दंडाला धरलं, जसं शिबिराला धरलं होतं. त्या वेळी तुम्ही हात झटकला होता. या वेळी झटकला नाहीत. हात फार हलका झालाय तुमचा.

डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? तुम्ही म्हणालात, होळीपासून. होळीच्या आधीपासूनच होतं, हे मला तिथेच कळलं. संक्रांतीला मी काजलला घेऊन वाण द्यायला आले होते, तेव्हा तुम्ही ओसरीतूनच हात पुढे केला होतात आणि मला वाटलं, मला आत घ्यायचं नाही म्हणून. मी उंबऱ्यावरूनच परत गेले, घरी येईपर्यंत रडले. तेव्हा तुम्हीच बाहेरच्या होतात ना? सांगायचं होतंत. मी रागावले नसते. रागावले असते, पण दवाखान्यात तरी नेलं असतं.

आत खूप दुखलं असेल. मला माहीत आहे कसं दुखतं. तुम्ही ओरडला नाहीत, छताकडे बघत कानबाईचं गाणं पुटपुटत होतात. नर्सने विचारलं, आजी काय म्हणतात? मी म्हटलं, देवाचं.

त्या गाण्यावरून मला मागचा श्रावण आठवला. भावकीतल्या सगळ्या सुना कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं दळण दळायला आल्या होत्या. चक्कीवाला चक्की धुऊन द्यायला तयार होता, पण तुम्हाला घरचं जातंच लागतं. मी खुंट्याला हात लावला आणि तुम्ही म्हणालात, "तू हात लावू नको, देवनं काम शे." सगळ्यांसमोर. रिपोर्ट माझ्या पेटीत होता, चांगला आलेला. मी उठले आणि ओसरीत जाऊन बसले, पाळी नसताना. सगळ्यांनी रोट खाल्ला. तुमच्या मुलाने माझ्या वाटचा घेऊन यावा म्हणून मी वाट बघितली, ते आले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मी काजलच्या कॉलेजचं निमित्त काढून तिला घेऊन इथे आले. ते निमित्तच होतं, हे तुम्हालाही माहीत होतं.

हे भांडायला लिहीत नाही. भांडायला अंगात जोर लागतो. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील. जेवत जा. आबांच्या हातचं गोड लागत नसेल तर दगूबाईला सांगा.

निशा

*

लोणखेडा, २० जुलै २०२५

आत्याबाई,

हे पत्र एकट्या असताना वाचा. दार लावून घ्या.

काजलच्या पप्पांनी तुम्हाला सांगितलंय की साधी गाठ आहे, काढून टाकली की झालं. एमआरआय पण गाठीसाठीच केला असं सांगितलंय. आबांनाही तेच सांगितलंय. परवा काजलचे पप्पा इथे आले तेव्हा मला म्हणाले, मायला काही बोलू नको, ती खचेल. रडत होते. मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

गाठ साधी नाही. कॅन्सर आहे. आतून खरवडलं त्यात निघाला. शिबिरातल्या दिव्याला तो दिसला नव्हता, नंदुरबारच्या तुकड्यात आला नव्हता, कारण तो आत होता.

आता पुढचं वाचा, इथे थांबू नका. तो लहान आहे. पिशवीच्या तोंडाच्या बाहेर गेलेला नाही, एमआरआयमध्ये तसं दिसतंय. डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं. पिशवी काढायची. ती काढल्यावर पुन्हा तपासतील, आणि लागलंच तर किरणांचा शेक देतील. मी विचारलं, वाचतील का? ते म्हणाले, एवढ्यात सापडलं तर बहुतेक बायका चांगल्या होतात. बहुतेक म्हणाले, सगळ्या नाही म्हणाले. मी तुम्हाला जेवढं मला सांगितलं तेवढंच लिहितेय. वाढवून नाही, कमी करून नाही.

हे मी का सांगतेय? मला नसलेला आजार तुम्ही गावभर सांगितलात. तुम्हाला असलेला आजार तुम्हालाच न सांगण्याचं घरात ठरलंय. दोन्ही मला पटत नाही. अंग तुमचं आहे. तुमच्या अंगात काय आहे हे आधी तुम्हाला कळायला हवं, मग मुलाला, मग आबांना. मला कोणी असं नीट सांगितलं असतं तर मी एवढी मोडले नसते.

ऑपरेशन कानबाई उठल्यावर, विसर्जन झालं की त्याच आठवड्यात आहे. तारीख तुमच्या मुलाकडे आहे.

दगूबाई म्हणते, या वर्षी तुम्ही रोटाला बसणार नाही असं सांगितलंय. दळणाला हात लावणार नाही, ओसरीतूनच दर्शन घेणार. रक्त जातंय म्हणून. तुमचाच नियम तुम्ही पाळणार, हे मला आधीच कळायला हवं होतं. तुमच्याशिवाय गाणी कोणाला येतात हो त्या घरात? धाकट्या सुना मोबाईलवर लावतील.

ही पाळी नाही, आत्याबाई. हा आजार आहे. आजारी माणसाला बाजूला बसवत नाहीत. मला बसवलं होतंत, ते चूक होतं. आता तुम्ही स्वतःला बसवू नका, तेही तेवढंच चूक आहे. मी देवाधर्मातलं शिकलेली नाही, पण कानबाई बाईच आहे ना? तिला कळेल.

घोंगडं उचला आणि धुवायला टाका. रोटाला मला बोलवा किंवा बोलवू नका. पण तुम्ही आत बसा.

निशा

*

(२७ जुलै. त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलीने. रिकाम्या डब्यात आला.)

निशा,

गहू धुईसन वाळत टाकेल शेतस. शनवारले ये. एकलीघाई जातं फिरत नही.

मन्हा हेमकांतले काही बोलू नको. त्याले वाटू दे माले म्हाईत नही.

दवाखानामा माले भ्याव वाटस. तू मन्हाजोडे बठजो. पिशवी मी मांडीवर लेसू.

तापीबाई